बार किती भरावा? चकमकीच्या पिस्तुलाचा हिशेब

‘दारू’ हा शब्द वर्गात उच्चारला की मागच्या बाकावर हसू फुटते. इतिहासाच्या तासाला ‘दारूगोळा’ आला की शिक्षकाला एखादे वाक्य जास्तीचे बोलावेच लागते. ते वाक्य शब्दाच्या मुळाशी नेणारे असले तर बरे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून शाबूत आहे. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला जे नाव आहे त्याचाही अर्थ ‘आगीचे औषध’ असाच होतो. आणि औषध म्हटले की मात्रेचा प्रश्न आलाच. ठासणीच्या पिस्तुलात, त्यातही चकमकीने पेटणाऱ्या पिस्तुलात, एका बाराला दारू किती घालायची हे माणसाने कशावरून ठरवले, एवढाच प्रश्न या लेखात घेतला आहे.

प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. मात्रा फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. ते ध्यानात न येता वर दुसरा बार भरला गेला तर नळी फुटते. मात्रा फार जास्त झाली तर नळीवर, आणि ती धरणाऱ्या मनगटावर, ताण येतो. शिवाय पिस्तूल हे अगदी जवळ आलेल्या शत्रूवर चालवायचे हत्यार. घोडेस्वाराने ते उपसले म्हणजे दुसरा बार भरायला सवड नाही असे समजूनच उपसलेले असते.

खानदेशात हा प्रश्न सर्वांत निकडीचा होता तो काळ साधारणपणे १८१८ ते १८५८ असा चाळीस वर्षांचा. जानेवारी १८१८मध्ये मंदसौरच्या तहाने होळकरांचा खानदेशातील मुलूख कंपनीकडे गेला. फेब्रुवारीच्या अखेरीस तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर लढाई झाली. मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यात अरब शिबंदीने कंपनीच्या फौजेला जवळजवळ महिनाभर थोपवून धरले, आणि शेवटी किल्ल्यातले दारूचे कोठार तोफगोळ्यांनी उडाल्यावर किल्ला खाली झाला. पुढे कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात ठाणे दिले. १८२५मध्ये आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. या चाळीस वर्षांत एकाच मुलखात तीन तऱ्हेची हत्यारे समोरासमोर होती. कंपनीच्या शिपायाकडे चकमकीची बंदूक आणि स्वाराकडे चकमकीचे पिस्तूल, अरब-मकराण्यांकडे तोड्याची बंदूक, आणि सातपुड्यात व सह्याद्रीच्या डांगाकडील रांगांत भिल्लांकडे तीरकामठा. आजचा साक्री तालुका (त्या वेळी त्याचे नाव पिंपळनेर) या रांगांच्या पायथ्यालाच पसरलेला आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. ठासणीच्या हत्यारात सगळे तोंडाकडून भरायचे: प्रथम दारू, मग गोळी, मग गजाने ठासणे. नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असते, त्याला मराठीत ‘कान’ म्हणतात. (साक्री ज्या नदीकाठी वसली आहे तिचेही नाव कान, योगायोग म्हणून सोडून द्यावा.) कानाच्या बाहेर एक लहानशी वाटी, तिच्यात चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. रंजक पेटली की ज्वाला कानातून आत जाते आणि मुख्य बार पेटतो. तोड्याच्या बंदुकीत रंजकेला धुमसती दोरी टेकवतात. चकमकीच्या हत्यारात घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा बसवलेला असतो. चाप ओढला की ती गार पोलादी पत्र्यावर घासत जाते आणि ठिणग्या रंजकेत पडतात.

येथे विद्यार्थ्यांचा एक समज हमखास चुकतो. ठिणगी गारेची नसते. गार पोलादापेक्षा कठीण असल्यामुळे ती पोलादाचे सूक्ष्म कण खरवडते. घर्षणाने तापलेले ते कण हवेत जळतात, तीच ठिणगी. चिलीम पेटवायच्या चकमकीतही हेच होत असे. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत गारगोटी, अकीक असे सिलिकायुक्त दगड बनतात आणि ओढ्यानाल्यांतून सापडतात, त्यामुळे गारेला या भागात तोटा नव्हता. तरीही चकमकीची बंदूक मिळत असताना कित्येक हिंदी बंदूकधारी तोड्याचीच पसंत करीत, आणि त्यात अडाणीपणा नव्हता. तोड्याच्या बंदुकीत कमानी नाहीत, बिघडण्यासारखे काही नाही, आणि गावचा लोहार ती दुरुस्त करू शकतो. घोड्यावर बसलेल्याला मात्र धुमसती दोरी सांभाळणे अवघड. म्हणून पिस्तुलाला चकमक सोयीची.

आता मात्रा. सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी म्हणून जी रीत सांगितली जाते ती अशी: गोळी तळहातावर ठेवायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्यावर दारू ओतायची. गोळी झाकली गेली की माप झाले. अमेरिकेतील सरहद्दीवरच्या शिकाऱ्यांच्या संदर्भात ही रीत पुष्कळदा सांगितली जाते. ऐकायला ती आजीबाईच्या बटव्यातली वाटते, पण तिच्या पोटात चांगली भूमिती आहे.

कोरडी रवाळ वस्तू ओतली की तिचा शंकू होतो आणि त्याच्या उताराचा कोन त्या वस्तूपुरता ठरलेला असतो. गोळी मोठी घेतली तर शंकू सगळ्याच दिशांनी त्याच प्रमाणात मोठा होतो. म्हणजे लागणाऱ्या दारूचे घनफळ गोळीच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गोळीचे वजनही त्रिज्येच्या घनाच्याच प्रमाणात वाढते. तेव्हा ज्याला तराजू माहीत नाही, गुणाकार येत नाही, अशा माणसाच्या हातूनही गोळीचे वजन आणि दारू यांचे गुणोत्तर आपोआप कायम राहते. उताराचा कोन सुमारे ३५ अंश धरून सपाट फळीवरचा हिशेब केला तर दारूचे वजन शिशाच्या गोळीच्या वजनाच्या एक-तृतीयांशापेक्षा किंचित जास्त येते. तळहाताच्या खळग्यात पसारा कमी होतो, म्हणून दारूही थोडी कमी लागते.

हे वर्गात करून पाहता येते, अर्थात रवा आणि काचेच्या गोट्या घेऊन. खऱ्या दारूला हात लावायचे कारण नाही. ते धोक्याचे आहे आणि परवान्यावाचून गुन्हाही आहे. एक गोटी १६ मिलिमीटर व्यासाची आणि एक २४ मिलिमीटरची घ्यावी. दोन्ही बशीत ठेवून रव्याने झाकाव्यात आणि रवा मोजपात्रात मोजावा. व्यास दीडपट, म्हणून रवा तिप्पट नव्हे, सव्वातीनपटीहून थोडा जास्त लागला पाहिजे. मुलांचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. ते का झाले याची चर्चा प्रयोगाइतकीच उपयोगी पडते.

या रीतीत एक उणीव आहे आणि ती नेमकी पिस्तुलाच्या बाबतीत नडते. तळहाताला गोळी दिसते, नळी दिसत नाही. एकाच मापाची गोळी ४५ इंची नळीच्या बंदुकीत जाणार आहे की ९ इंची नळीच्या पिस्तुलात, याची या मापाला काही खबर नाही. मग पिस्तुलात दारू किती कमी करायची? अर्धी? नळी एक-पंचमांश म्हणून दारूही एक-पंचमांश? या प्रश्नाला अंदाजाऐवजी मोजमापाने उत्तर देण्याची वाट बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने दाखवली.

रॉबिन्सचे तोफशास्त्रावरील पुस्तक १७४२मध्ये निघाले. त्याच्याआधी गोळीचा वेग मोजण्याचे विश्वासार्ह साधनच नव्हते; जो पदार्थ डोळ्यांना दिसत नाही त्याचा वेग मोजणार कसा? रॉबिन्सने लंबकाची युक्ती काढली. सुमारे ५६ पौंडांचा एक जड लंबक टांगला, त्यावर लाकडी फळी बसवली आणि तिच्यात गोळी झाडली. गोळी फळीत रुतते, तिचा संवेग लंबकाला मिळतो आणि लंबक झुलतो. एक पौंडाच्या बाराव्या हिश्श्याची गोळी सेकंदाला १७०० फूट वेगाने आली तर लंबकाला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम अडीच फूट. तो झोका फितीने मोजता येतो. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम आपण अकरावीत शिकवतो. त्याचा इतका सुंदर उपयोग क्वचितच सापडेल. १७०० फूट हा आकडा काल्पनिक नाही. पाऊण इंच व्यासाची गोळी, ४५ इंची नळी आणि गोळीच्या निम्म्या वजनाची दारू घेतली असता रॉबिन्सला साधारण एवढाच वेग मिळाला होता.

या पुस्तकाची थोरवी ऑयलरने ओळखली. त्याने १७४५मध्ये त्याचे जर्मन भाषांतर विस्तृत टिपांसह प्रसिद्ध केले. रॉबिन्स स्वतः पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनिअर होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१च्या जुलैत, आजच्या तमिळनाडूतील कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. बंदुकीच्या विज्ञानाचा पाया घालणाऱ्या माणसाचा शेवट आपल्याच देशात झाला हे आपल्याकडच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

रॉबिन्सने नुसता वेग मोजला नाही, तो आधी काढण्याचे सूत्रही मांडले. त्याची कल्पना अशी: दारू पेटली की सगळी एकदम वायू होते. तो वायू प्रथम दारूच्याच जागेत कोंडलेला असतो, म्हणून दाब प्रचंड. रॉबिन्सच्या मते हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट. गोळी पुढे सरकते तसतशी वायूला जागा मिळते आणि दाब त्याच प्रमाणात उतरतो, बॉइलच्या नियमाप्रमाणे. तर गोळीवर झालेले एकूण कार्य दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून राहते: एक, दारूच्या थराची लांबी, दुसरी, नळीची लांबी भागिले दारूच्या थराची लांबी या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम. वेग या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात.

आता हे सूत्र ९ इंची नळीच्या पिस्तुलाला लावू. त्या काळी इंग्रज घोडदळात ९ इंच नळीचे, .६५ इंच व्यासाचे पिस्तूल होते. त्यात दारूचा एक इंचाचा थर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. एक इंचाच्या थराने मिळणारा वेग १०० मानू. थर दोन इंच केला, म्हणजे दारू दुप्पट केली, तर वेग ११७. तिप्पट केली तर १२२. चौपट केली तर १२१! वेग वाढायचा थांबून उलट कमी होऊ लागला. कारण सरळ आहे. नळी आखूड, दारूने जागा जास्त व्यापली की वायूला प्रसरण पावायला आणि गोळीला ढकलायला नळीच उरत नाही. उच्च माध्यमिकचे विद्यार्थी विकलन करून दाखवू शकतील की या सूत्राप्रमाणे सर्वांत जास्त वेग, थराची लांबी नळीच्या लांबीला २.७१८ने भागून येते तेवढी असताना मिळतो, येथे ३.३ इंच. लॉगॅरिदम शिकवताना ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्या मुलासाठी हे उदाहरण राखून ठेवण्यासारखे आहे.

तीच दारू ४५ इंची नळीत घालून पाहा. पिस्तुलातला एक इंची थराचा वेग १०० धरला तर तेवढ्याच दारूने लांब बंदुकीत १३२, दुप्पट दारूने १६८, चौपट दारूने २१०. लांब नळीला वाढीव दारू पचते, आखूड नळीला पचत नाही. म्हणून पिस्तुलाचा खरा हिशेब असा की पहिल्या पाच ग्रॅमने जवळजवळ सगळे काम केलेले असते. पुढच्या पाचांनी सतरा टक्क्यांची भर पडते, आणि त्याची किंमत दुप्पट दारू, नळीवर जास्त ताण आणि जोराचा धक्का अशी द्यावी लागते. धक्का केवळ गोळीचा नसतो. दारूचे वायू आणि राखही वेगाने तोंडातून बाहेर पडतात, त्यांचा संवेगही मनगटालाच सोसावा लागतो. दारू दुप्पट झाली की हा वाटा सरळ दुप्पटीहून वाढतो.

रॉबिन्सचे सूत्र तंतोतंत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. सगळी दारू गोळी हलायच्या आधी जळून संपते असे तो मानत होता. प्रत्यक्षात दाणा पृष्ठभागाकडून आत जळत जातो आणि त्याला वेळ लागतो. आखूड नळीत गोळी बाहेर पडली तरी काही दारू जळतच असते. पिस्तुलाच्या तोंडाशी दिसणारा मोठा जाळ म्हणजे वाया गेलेली दारू. रॉबिन्सनंतर चार्ल्स हटनने १७७०च्या दशकात वुलिचला लहान तोफांवर असेच प्रयोग केले. मर्यादेच्या आत, वेग दारूच्या वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट करायला दारू चौपट लागते, असे त्याला आढळले. त्याबद्दल १७७८मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. शंभर वर्षांनी, १८७५मध्ये, नोबल आणि एबल यांनी बंद पात्रात दारू जाळून दाखवले की वजनाने जेमतेम ४३ टक्के दारूचाच वायू होतो. उरलेल्या ५७ टक्क्यांचा धूर आणि काजळी. काळ्या दारूने नळी लवकर का माखते आणि प्रत्येक बारानंतर पुढची गोळी ठासायला जड का जाते, त्याचे उत्तर या आकड्यात आहे.

दाण्याचा मुद्दा पिस्तुलासाठी फार महत्त्वाचा. एका घनाच्या प्रत्येक कडेचे चार भाग करून त्याचे चौसष्ट लहान घन केले तर वजन तेच राहते, पण पृष्ठभाग चौपट होतो. जळणे पृष्ठभागावर होते, म्हणून बारीक दाणा झपाट्याने जळून संपतो. तोफेला जाड दाणा, बंदुकीला मध्यम, पिस्तुलाला बारीक आणि रंजकेला सर्वांत बारीक ही पायरी त्यावरून आली. मात्र बारीक दाण्याने दाब एकदम चढतो, म्हणून ‘पाच ग्रॅम’ एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या दाण्याचे पाच ग्रॅम हेही सांगावे लागते.

आणि कोणाच्या दारूचे, हेही. येथून पुढे प्रश्न पुस्तकातून उठून पुन्हा खानदेशात येतो.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. इंग्लंडच्या सरकारी दारूत त्यांचे प्रमाण शंभरात ७५, १५, १० असे ठरून गेले होते. पण कागदावरचे प्रमाण सारखे असले म्हणून दारू सारखी होत नाही. कोळसा कोणत्या लाकडाचा यावर जळण्याचा वेग ठरतो. विलायतेत विलो किंवा आल्डरचा हलका कोळसा घेत. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तुरीच्या काड्यांचा कोळसा वापरला जाई. आपल्याकडे ज्या तुराट्या चुलीत जातात त्याच या! सोऱ्याचे दुखणे निराळे. शुद्ध सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हवेतील ओल फारशी ओढत नाही. पण मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात मीठ आणि सोडियम व कॅल्शियमची नायट्रेटे मिसळलेली असतात आणि ती ओल भराभर ओढतात. शुद्धीकरण नीट न झालेल्या सोऱ्याची दारू वैशाखात धडाडते आणि आषाढात फुसफुसते. ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आपण आता राजकारण्यांच्या घोषणांसाठी राखून ठेवला आहे. पण सह्याद्रीच्या बाजूला, जिथे पाऊस साक्रीच्या पूर्वेकडील पठारापेक्षा पुष्कळच जास्त, तिथे फुसक्या बाराचा अर्थ जिवाशी येणारा होता.

समजा पावसाळ्यात दारू मंद झाली म्हणून कोणी माप वाढवले. तेच माप हात-सवयीने चैत्रात भरले गेले, किंवा मध्येच कंपनीच्या चांगल्या दारूची पिशवी हाती लागली आणि तीही त्याच मापाने भरली, तर काय होईल हे सांगायला नको. एका दारूला बसवलेले माप दुसऱ्या दारूला लागू पडत नाही. म्हणून दारूचा जोर आधी अजमावण्याची साधने युरोपात निघाली. फ्रान्समध्ये १६८६च्या राजाज्ञेने ठरावीक दारूने ठरावीक वजनाचा गोळा किती लांब गेला पाहिजे हे नेमून दिले होते. त्याहून गमतीचे साधन म्हणजे दारूमापक पिस्तूल. आकार चकमकीच्या पिस्तुलाचा, पण नळीऐवजी एक लहानशी दारूची कुपी आणि तिच्यावर कमानीने दाबून धरलेले खुणांचे चाक. दारू उडाली की चाक फिरते. जितक्या खुणा पुढे, तितकी दारू जोरकस. त्यातून मिळणारे आकडे फार नेमके नसत, पण दोन पोती दारूंची तुलना करायला पुरेसे होते.

नळीचीही परीक्षा असे. लंडनमध्ये सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅममध्ये १८१३पासून नव्या नळ्यांत नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून त्या उडवून पाहत आणि टिकलेल्या नळीवर शिक्का मारत. कंपनीच्या बंदुका-पिस्तुलांवर साधारण १८०८पासून मागच्या पायांवर उभ्या सिंहाची खूण असे. एखाद्या संग्रहालयात किंवा जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात असा सिंह दिसला तर तो कंपनीचा माल समजावा. मात्र शिक्का नळीचा असतो, दारूचा नव्हे.

फौजेने या गोंधळावर जे उत्तर काढले ते म्हणजे काडतूस. कागदाच्या सुरळीत गोळी आणि मोजलेली दारू एकत्र. शिपायाने विचार करायचा नाही. दाताने कागद फाडायचा, थोडी दारू रंजकेच्या वाटीत टाकायची, उरलेली नळीत. ‘किती’ हा निर्णय आता रणांगणावर नव्हे, कारखान्यात होऊ लागला. या काडतुसांतील मात्रेचा इतिहास मला फार बोलका वाटतो. नेपोलियनच्या युद्धांच्या काळातील चकमकीच्या बंदुकीत एका काडतुसात ६ ड्रॅम दारू असे, म्हणजे सुमारे १०.६ ग्रॅम; आपल्या जुन्या मापाने जवळपास ११ मासे. गोळी त्याच्या तिप्पट वजनाची. तळहाताच्या मापाने येणारे प्रमाणही याच घरातले, हे लक्षात घ्यावे. १८४०च्या सुमारास चकमक जाऊन टोपीची बंदूक आली. रंजक लागेना, कानातून वायू निसटणे कमी झाले, आणि मात्रा साडेचार ड्रॅमवर आली. पुढे १८५३च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल आली, तिची मात्रा अवघी अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे साडेचार मासे. गोळी तर जुन्या गोळीहून किंचित जडच. दारू निम्म्याहून कमी झाली आणि तरी पल्ला व अचूकता कितीतरी वाढली.

हे कशाने झाले? जुनी गोळी भराभर ठासता यावी म्हणून नळीपेक्षा दीड मिलिमीटरभर बारीक ठेवलेली असे. त्या फटीतून वायूचा मोठा हिस्सा फुकट निसटे आणि गोळी नळीत आपटत आपटत जाई. एन्फील्डच्या लांबट गोळीचा मागचा पोकळ भाग दाबाने फुगून नळीला घट्ट बसे. वायू निसटायचा बंद झाला आणि कमी दारूत काम भागले. मात्र अशी गोळी खाचांच्या नळीत सरकायला काडतुसाला वंगण लावावे लागे. त्या वंगणाचे १८५७मध्ये काय झाले ते प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. चरबीचा प्रश्न आपण शिकवतो तो धर्मभावनेचा म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण चरबी मुळात तिथे आली कशी, याचे धागे गोळी आणि नळी यांच्यातल्या त्या दीड मिलिमीटरपर्यंत जातात.

१८५७च्या त्या धामधुमीत सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक कंपनीविरुद्ध उठला. सातपुड्यातील भिल्ल आणि त्यांच्यासोबतचे मकराणी, अरब यांची कंपनीच्या फौजेशी अंबापाणी येथे ११ एप्रिल १८५८ रोजी मोठी लढाई झाली. डोंगरातल्या बंदूकधाऱ्याची अडचण येथे नीट समजते. त्याला गोळी ओतता येत होती, गार ओढ्यात मिळत होती, कोळसा जंगलात होता. पण गंधक बाहेरून आणावे लागे, चांगला सोरा विकत घ्यावा लागे, आणि एक बार दुसऱ्यासारखा असेल याची शाश्वती देणारा कारखाना त्याच्या पाठीशी नव्हता. तीरकामठ्याचे तसे नाही. भिल्लांच्या कामठ्याला दोरीही बांबूच्या चिवट पट्टीची असते. कामठा किती ओढला हे हाताला कळते, बाण परत उचलता येतो, आणि धूर-आवाज नाही. बंदुका मिळत असतानाही तीरकामठा सुटला नाही याला परंपरेइतकेच हे हिशेब कारण असावेत असे मला वाटते.

उठाव मोडल्यावर सरकारने हत्यारे काढून घेण्याचे कायदे केले आणि १८७८मध्ये लिटनच्या कारकिर्दीत सर्वंकष शस्त्रकायदा आला. त्यातील व्याख्यांचे कलम विज्ञानाच्या शिक्षकाने एकदा वाचावे. ‘शस्त्रे’ या शब्दात बंदुका, तलवारी, भाले यांच्या जोडीला धनुष्यबाण घातलेले आहेत. ‘दारूगोळा’ या शब्दात बंदुकीच्या गारेचा नावानिशी उल्लेख आहे. आणि लष्करी सामानाच्या यादीत शिसे, गंधक आणि सोरा.